टर्बो डिझेलचं टायमिंग कशावर लावायचं: कान, थेंब, डायल, पिन की लाइट?

भाच्यानं पीथमपूर रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं आणि आठवड्याच्या आत त्याचा फोन आला. "मामा, टायमिंगसाठी आधी काय घेऊ, डायल का लाइट? आमचे उस्ताद म्हणतात दोन्ही राहू दे, कान आहे ना." टायमिंग म्हणजे पंपानं डिझेलचा फवारा नेमका कधी सोडायचा तो क्षण. फोनवर मी दिलेलं उत्तर तुटक होतं. नीट लिहून देतो म्हटलं होतं, ते हे. ट्रकमालक, हार्वेस्टरवाले, बोअरच्या गाडीवर कंप्रेसर चालवणारे आणि जनरेटर सांभाळणारे यांनीही वाचावं. आपल्या इंजिनाचं टायमिंग मिस्त्री कशावर लावतो हे विचारायचा हक्क पैसे मोजणाऱ्याला आहे.

मी इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला इंजिन आणि पंपाचं काम करतो. इथे लिहितोय ते फक्त मेकॅनिकल पंपाच्या टर्बो इंजिनांबद्दल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. कॉमन रेलमध्ये, म्हणजे नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत, फवारा कधी सोडायचा ते कंट्रोलर ठरवतो, तिथे पंप फिरवून काही साधत नाही. पण माळव्यात आणि निमाडात मेकॅनिकल पंपाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि जनरेटर अजून ढिगानं आहेत, आणि दुरुस्ती लागते ती त्यांनाच.

टर्बो असला की कान का फसतो

उस्तादांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. बिनटर्बोच्या इंजिनावर कानानं टायमिंग लावणारे जुने मिस्त्री मी पाहिलेत आणि त्यांचं काम चांगलं होतं. टर्बोवर तेच कान का चालत नाहीत, हे समजलं की पुढची निवड सोपी होते. म्हणून आधी हे जरा सविस्तर.

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते, तापलेल्या हवेत नोझल डिझेल फवारतं आणि ते आपोआप पेटतं. पण फवारा सुटला त्याच क्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ व्हायला आणि पेट घ्यायला थोडा वेळ लागतो. तो वेळ मिलिसेकंदात मोजण्याइतका लहान असला तरी तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, काही अंश पुढे गेलेला असतो. म्हणून फवारा पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, पोचायच्या आधीच सुरू करावा लागतो. सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त हवा तो पिस्टन टॉप ओलांडून साधारण 10 ते 15 अंश खाली उतरल्यावर. त्याआधी दाब चढला तर तो पिस्टनला ढकलण्याऐवजी हेडला, हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगला आणि बेअरिंगला ठोकतो. फार उशिरा चढला तर जाळ एक्झॉस्टमध्ये निघून जातो आणि टर्बो भाजतो.

आता टर्बो जोडा. गेजवर 1 बार बूस्ट, म्हणजे टर्बोनं भरलेला जादा दाब, दिसतो, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट दाबानं हवा शिरते. दाबल्यावर ती आणखी घट्ट आणि गरम होते. त्यामुळे डिझेल लवकर पेटतं आणि मधला उशीर आखडतो. शिवाय हवा जास्त, डिझेल जास्त, म्हणून जळताना चढणारा दाबही बराच वरचा. दोन्ही कारणांनी टर्बो इंजिनाला त्याच्याच बिनटर्बो भावंडापेक्षा सहसा कमी ॲडव्हान्स लागतो, म्हणजे फवारा टॉपच्या तेवढा आधी, तेवढा 'पुढे', नको असतो. ब्लॉक तोच, पंपाचं घराणं तेच, म्हणून टायमिंगचा आकडाही तोच, असं धरून चालणाऱ्याचं हेड पॅकिंग टिकत नाही.

आणि आवाज? डिझेलची ती ओळखीची खटखट येते मधल्या उशिरामुळे. पेट घेईपर्यंत जमलेलं डिझेल एकदम भडकतं, ती खटखट. उशीर जितका मोठा, तितकी खटखट जास्त. बूस्ट चढल्यावर उशीरच आखडतो, म्हणून टायमिंग जरुरीपेक्षा पुढे असलं तरी भाराखाली टर्बो इंजिन मऊ वाजतं. जिथे नुकसान होतंय तिथे आवाजच नाही. उलट गॅरेजात आयडलवर, म्हणजे इंजिन भाराशिवाय नुसतं चालू असताना, टर्बो जवळजवळ झोपलेला असतो, इंजिन बिनटर्बोसारखं वागतं, आणि थोडं पुढे असलेलं टायमिंग कानाला खणखणीत, तरतरीत लागतं. कान म्हणतो छान, आणि गाडी गेटबाहेर पडते.

आमच्या गाडीचं पॅकिंग

हे मी आमच्या स्वतःच्या गाडीवर भोगलंय. काही वर्षांपूर्वी घरची एक सहा सिलिंडरची टर्बो गाडी होती. पंप उघडून भरून आणला होता आणि मी गावी असताना तो बाहेरच्या एका गॅरेजात बसवला गेला. मिस्त्री अनुभवी, टायमिंग कानावर. परत आलो तेव्हा ड्रायव्हर खुशीत. "भिया, पिकअप तो देखो." खरंच पिकअप छान होता. सनावदहून सरकीची पोती भरून गाडी इंदूरला यायची, बडवाह ओलांडून भेरूघाटाची चढण. तिसऱ्या फेरीला घाटात तापमानाचा काटा चढला, रेडिएटरचं झाकण उडालं. गाडी ओढून आणली.

हेड काढायच्या आधी मी टायमिंग मोजलं, कारण नंतर पुरावा उरत नाही. इंजिनावर कंपनीनं लावलेल्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा क्रँकवर 5 अंश पुढे होतं. मग हेड उचललं. दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधली पॅकिंगची पोलादी कडी वितळल्यासारखी काळी पडून तुटली होती, आणि ब्लॉकवर तेवढ्या जागी नख अडकेल असा ओरखडा होता. त्या तीन फेऱ्यांत एकदाही इंजिन ठोकलं नाही, असं ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

5 अंश म्हणजे किती, हे नजरेला दिसावं म्हणून सांगतो. क्रँकची पुली 200 मिलिमीटर व्यासाची धरली तर तिचा घेर 628 मिलिमीटर, म्हणजे एक अंश पावणेदोन मिलिमीटरचा. 5 अंश म्हणजे जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर. पंपाच्या फ्लँजवर, म्हणजे पंप इंजिनाला जिथे बांधतात त्या कडेवर, ते आणखी लहान दिसतं. पंप क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून पंपाचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. फ्लँजची खाच पंपाच्या मध्यापासून 60 मिलिमीटरवर असेल तर तिथली एक मिलिमीटरची सरक क्रँकवर सुमारे 2 अंश होते. आमच्या गाडीचा घात तिथल्या अडीच मिलिमीटरनं झाला. डोळ्याच्या अंदाजानं आणि हातोडीच्या ठोक्यानं पंप सरकवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा.

सगळ्यांच्या आधी टॉप

कुठलीही पद्धत घ्या, एक नंबर सिलिंडरचा खरा टॉप सापडला नसेल तर बाकी सगळी मोजमाप वाया. पुलीवरच्या खुणेवर डोळे मिटून विसंबू नका. बऱ्याच इंजिनांची पुढची पुली रबरावर चिकटवलेल्या दोन कड्यांची असते. जुनं झालं की बाहेरची कडी सरकते आणि खूण तिच्याबरोबर जाते. फ्लायव्हीलवरची खूण जास्त भरवशाची.

शंका असेल तर नोझल काढून त्या भोकातून अडसर लावावा. इंजिन हातानं हळूच पुढे फिरवून पिस्टन टेकेल तिथे खूण, मग उलटं फिरवून टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्हींचा मध्य म्हणजे टॉप. अर्धा तास जातो, पण मग कुणाशी वाद उरत नाही. दोन व्हॉल्व्ह बंद आहेत ना, म्हणजे हा कॉम्प्रेशनचाच टॉप आहे ना, ते बघायला विसरू नये.

दुसरी सवय: खुणेवर नेहमी इंजिन फिरतं त्याच दिशेनं यायचं. गियरच्या दातांमध्ये सैल असतो. खूण ओलांडली तर थोडं मागे आणून सैल ओढत नाही बसायचं. चांगला पाव फेरा मागे जायचं आणि पुन्हा पुढून यायचं.

थेंबाची पद्धत

ओळीतल्या पंपांसाठी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) असलेल्या पंपांसाठी, ही सगळ्यात जुनी आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात प्रामाणिक पद्धत. बॉशनं असे पंप 1927 पासून घाऊक बनवायला घेतले. आपल्याकडे ते माइको या नावानं घरोघर पोचले. कंपनी 1951 ची, 2008 मध्ये नाव बदलून बॉश झालं, पण गॅरेजात आजही पंप माइकोचाच.

काम असं. एक नंबरचा हाय प्रेशर पाइप काढायचा. डिलिव्हरी होल्डर सोडवून आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व्हचा दांडा बाहेर काढायचा, होल्डर परत बसवायचा आणि त्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली बारीक नळी लावायची. स्टॉपचा लिव्हर चालू स्थितीत, ॲक्सिलरेटर भरलेला. फीड पंपाची मूठ मारत राहिलं की नळीच्या टोकातून डिझेलची धार लागते. आता दुसरा माणूस इंजिन हातानं हळूहळू पुढे फिरवतो. प्लंजर वर चढत जाऊन डिझेल आत येण्याचं भोक झाकू लागतो तशी धार बारीक होते, मग तुटते आणि थेंब पडू लागतात. थेंब नळीच्या ओठावर फुगतो, लोंबतो, मग पडतो. दोन थेंबांमधला वेळ वाढत जातो. इथे इंजिन अंगठ्याएवढंच हलवायचं. कंपनीनं जिथे थांबायला सांगितलंय त्या थेंबाला थांबायचं आणि फ्लायव्हीलवर आकडा वाचायचा. तोच पंपाचा फवारा सुरू करण्याचा क्षण.

पद्धत पंपाच्या पोटातून उत्तर देते, म्हणून मला आवडते. किल्ली घासलीय, कपलिंग सैल झालंय, काही असो, थेंब खरं सांगतो. हत्यार म्हणाल तर एक वाकडी नळी.

धोके मात्र तिघं आहेत. पहिला धुळीचा. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट असते, आणि आपल्याकडे वैशाखात उघड्या शेडमध्ये काळ्या मातीची भुकटी वाऱ्यावर असते. पंप धुतल्याशिवाय होल्डर उघडू नये, काढलेला व्हॉल्व्ह स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवावा आणि तो त्याच जागी परत जावा. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. काही प्लंजरांच्या डोक्यावर सुरू होतानाच्या जादा डिझेलसाठी वेगळी खाच कापलेली असते. डिझेल कमी-जास्त करणारा रॅक त्या स्थितीत गेला तर भोक उशिरा झाकलं जातं आणि टायमिंग आहे त्यापेक्षा मागे दिसतं. मग माणूस ते पुढे आणतो, आणि टर्बोवर हीच चूक महागात पडते. म्हणून रॅक पूर्ण भाराच्या जागी हवा, जादा डिझेलच्या जागी नको. तिसरा धोका होल्डर परत कसताना: जास्त कसला तर बॅरल ताणला जातो, कमी कसला तर गळतो. टॉर्क रेंच वापरावा.

डायल

फिरत्या पंपाला, म्हणजे एकाच प्लंजरनं सगळ्या सिलिंडरांना वाटणाऱ्या बॉशच्या व्हीई जातीच्या पंपाला, थेंबाची पद्धत बसत नाही. तिथे डायल. भाच्याला मी पहिलं हत्यार हेच घ्यायला सांगितलं.

पंपाच्या मागच्या तोंडाला पाइपांच्या बरोबर मधोमध एक बोल्ट असतो. तो काढून तिथे अडॅप्टर लावायचा आणि डायलची सुई आतल्या प्लंजरवर टेकवायची. एक-दोन मिलिमीटर दाबून ठेवायची, म्हणजे सुईला दोन्हीकडे जागा राहते. आता इंजिन उलट्या दिशेनं हळू फिरवायचं. काटा उतरत जातो आणि एका जागी थांबतो. प्लंजर सगळ्यात खाली आला. तिथे डायल शून्य करायचा. मग इंजिन सरळ फिरवून टॉपवर आणायचं, किंवा कंपनीनं दिलेल्या खुणेवर, आणि प्लंजर किती उचलला ते वाचायचं. आकडा साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो, पण कुठल्या इंजिनाला किती हे त्याच्या पुस्तकातलंच घ्यावं, शेजारच्या गाडीचं नाही. टर्बोचा आणि बिनटर्बोचा आकडा एकाच घराण्यात वेगळा निघतो.

कमी असेल तर पंप त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला सरकवायचा, टायमिंग पुढे येतं. फिरण्याच्या दिशेला सरकवला तर मागे जातं. सरकवताना डोळे डायलवर असतात, म्हणून मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा हातात येतो. एवढी बारीक पकड दुसऱ्या कुठल्या पद्धतीत नाही. पंप उघडावा लागत नाही, धूळ शिरायला एकच लहान भोक, आणि सवय झाली की तासाभरात काम. डायल आणि अडॅप्टरचा खर्च ट्रकच्या एका टायरच्या कितीतरी खाली राहतो.

दोन ठिकाणी मात्र हात पोळतात. थंडीत सुरू होण्यासाठी ज्या पंपांना ॲडव्हान्सचा लिव्हर किंवा मेणाची डबी असते, ती गार इंजिनावर पंपाची आतली कडी ओढून धरते. ती सैल न करता मोजलं तर सगळं वाचन खोटं. आणि पंपाच्या आतल्या कॅमला सिलिंडर तितके उंचवटे असतात, म्हणून प्लंजर कुठल्याही सिलिंडरच्या टॉपवर तितकाच उचलतो. पंप एका उंचवट्यानं चुकून बसला तरी डायल गोड आकडा दाखवेल. आधी किल्ली एक नंबरच्या पाइपकडे आहे का ते बघावं.

पिन

काही इंजिनांत कंपनीनंच पिन दिलेली असते. कमिन्सच्या बी सिरीजमध्ये गियरच्या घरात एक पिन असते, ती आत ढकलून इंजिन हळू फिरवलं की कॅमच्या गियरच्या भोकात बसते आणि टॉप सापडतो. मोठ्या ओळीच्या पंपांमध्येही कुलपासारखी पिन असते. दोन्ही बसल्या की पंप बांधायचा. सगळ्यात झटपट पद्धत. पंप काढून तोच परत बसवायचा असेल तर मी हीच वापरतो.

पण ती फक्त एवढंच सांगते की कारखान्यात जे ठरलं होतं ते परत आलं. गियर झिजलेत का, पंपरूममध्ये, म्हणजे पंप दुरुस्तीच्या दुकानात, पंप भरताना आतलं कुलूप बरोबर जागी बसवलं का, हे पिन सांगत नाही. आणि पिन काढायची विसरून स्टार्टर मारला तर ती तुटते. हातात सोडवलेल्या पिना मोजूनच किल्ली फिरवावी.

लाइट

हाय प्रेशर पाइपवर पिएझोचा, म्हणजे दाब जाणवणारा, चिमटा लावायचा. डिझेलचा दाब आला की पाइप केसाएवढा फुगतो, चिमट्याला ते कळतं आणि लाइट चमकते. तिच्या उजेडात फ्लायव्हीलची खूण स्थिर दिसते. बाकी सगळ्या पद्धती इंजिन बंद ठेवून मोजतात, ही चालू इंजिनावर. म्हणून तिला उगाच मान मिळतो, असं मला वाटतं.

एक हिशोब करून बघा. दाबाची लाट डिझेलमधून सेकंदाला साधारण 1350 मीटर वेगानं जाते. पाइप 60 सेंटिमीटरचा असेल तर पंपापासून नोझलपर्यंत जायला तिला 0.44 मिलिसेकंद लागतात. 800 आरपीएमला इंजिन एका मिलिसेकंदात 4.8 अंश फिरतं. म्हणजे चिमटा नोझलजवळ लावला तर लाइट थेंबापेक्षा सुमारे 2 अंश मागे दाखवणारच. 2000 आरपीएमला हाच फरक 5 अंशांच्या वर जातो. आमच्याकडे एका इंजिनावर थेंब टॉपच्या आधी 14 अंश म्हणाला, पिनही 14, आणि लाइट आयडलवर 12. तिघंही बरोबर होते. ज्याला हे माहीत नाही तो 12 पाहून पंप 2 अंश पुढे सरकवेल आणि टर्बो इंजिन 16 वर घाटात पाठवेल. चिमटा कुठे लावायचा हे कंपनीनं लाइटच्या आकड्याबरोबर दिलं असेल तरच त्या आकड्यावर पंप हलवावा.

मग लाइट घ्यायचीच नाही का? घ्यावी, पण डायलनंतर. तिचं खरं काम वेगळं आहे. वेग वाढला की टायमिंग आपोआप पुढे जायला हवं. ओळीच्या पंपाला त्यासाठी वजनांचा टाइमर असतो, फिरत्या पंपात आतल्या डिझेलच्या दाबानं सरकणारा पिस्टन. टाइमरची स्प्रिंग बसली, पिस्टन अडकला किंवा आतला पंप झिजून दाब कमी झाला, तर डायलवर सगळं बरोबर असूनही गाडी वर ओढत नाही आणि एक्झॉस्ट तापतो. गाडीवरच हे पकडायला लाइट कामी येते. इंजिन गरम करून आयडलपासून वर नेत जायचं आणि खूण सरकते का पाहायचं. झटके देत सरकली किंवा जागचीच राहिली, तर पंप पंपरूमला.

तर कोणी काय घ्यावं

नवीन गॅरेजवाल्यानं आधी डायल घ्यावा. तोच डायल क्रँकचा खेळ, टर्बोच्या दांड्याचा खेळ आणि लायनरची उंची मोजायलाही लागतो, त्यामुळे पेटीत पडून राहत नाही. बगळ्याची नळी स्वतः वाकवून घ्यावी. लाइट वर्षभरानं, फिरत्या पंपांची गिऱ्हाइकं वाढली की.

ओळीच्या पंपाचा टर्बो ट्रक ज्याच्याकडे आहे त्या मालकानं मिस्त्रीला एवढंच विचारावं: "थेंबावर लावणार का, आणि पाटीवरचा आकडा किती?" उत्तर आकड्यात आलं तर गाडी द्यावी. पाटी पुसली गेली असेल तर इंजिनच्या नंबरावरून कंपनीच्या डीलरकडे आकडा मिळतो. तो लिहून गाडीच्या कागदांत ठेवावा.

ट्रॅक्टरवर सीएव्हीचा डीपीए पंप असेल तर त्याच्या अंगावर लहान झाकण असतं, आत रोटरवर रेघ असते, ती कडीच्या टोकाशी जुळवायची असते. तिथे वेगळं हत्यार लागत नाही, चांगला उजेड आणि धीर लागतो.

जनरेटरवाल्यांचं वेगळं. एकाच वेगावर तासन्‌तास भार, म्हणून त्यांना टाइमरची फिकीर कमी आणि मूळ आकड्याची जास्त. पाटीच्या आकड्यापेक्षा पुढे जाऊन डिझेल वाचवायचा मोह इथे सगळ्यात जास्त होतो. टर्बो जनरेटरवर तो करू नये. पाटीवर सहसा दोन-एक अंशांची मुभा असते. चढणीच्या आणि भाराच्या गाडीला मी त्या मुभेच्या मागच्या टोकाला ठेवतो, मैदानी गाडीला मधोमध. फार मागेही नको. मागे गेलेलं टायमिंग सकाळी पांढरा धूर, भाराखाली काळा धूर आणि लाल होणारा मॅनिफोल्ड देतं. पीयूसीला जुन्या गाडीच्या धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, तिथेही अडकायला होतं.

टायमिंगला हात लावायच्या आधी नोझल तपासून घ्यावीत. उघडण्याचा दाब उतरलेलं नोझल लवकर उघडतं आणि त्या सिलिंडरपुरतं टायमिंग पुढे नेतं. पंप कितीही नीट लावा, एक सिलिंडर वेगळा वाजत राहील. बूस्टची रबरी नळी आणि पंपावरच्या बूस्टच्या डबीचा पडदाही बघावा. तो फाटला असेल तर भाराखाली डिझेल वाढतच नाही, आणि लोक त्याचा राग टायमिंगवर काढतात. चेननं पंप चालवणाऱ्या इंजिनात, जसं टेम्पोच्या गाड्यांतलं ओएम 616 घराणं, चेन लांबली की कॅम आणि पंप दोघंही मागे जातात. तिथे आधी चेन, मग पंप.

गळणाऱ्या हाय प्रेशर पाइपवर बोट ठेवून कधीच तपासू नये. दोनशे बारच्या पुढचा फवारा कातडी फोडून आत जातो. टाचणीएवढी जखम दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

भाच्याच्या गॅरेजात पहिला पंप आम्ही दोघांनी मिळून लावला. फ्लँजचे नट कसले की पंप किंचित सरकतो, म्हणून कसून झाल्यावर पुन्हा मोजलं. डायल मिलिमीटरचे दोन शतांश हलला होता. नट सोडले, परत लावलं, परत मोजलं. मग मानपूरच्या घाटात भरलेली गाडी नेली. मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी तापमापक बसवला होता, तो पूर्ण चढणीत 700 अंशांच्या खाली राहिला आणि धूर फक्त गियर बदलताना दिसला. परत आल्यावर भाच्यानं फ्लँज आणि घरावरून एक सरळ रेघ छिन्नीनं मारली आणि शेजारी पिवळ्या रंगात तारीख आणि वाचलेला आकडा लिहिला.